वीस सेकंदांतल्या आजी

शिवणकामवाल्या आजींची जीभ कात्रीहून धारदार, हे गल्लीला ठाऊकच होतं. नातीने वीस सेकंदांचा व्हिडिओ टाकला आणि ते जगजाहीर झालं. त्यात मापं द्यायला आलेली एक तरुणी खाली मान घालून उभी, आणि आजी कडाडतायत, "नीघ इथून! पुन्हा पायरीवर पाय ठेवलास तर तंगडं मोडीन!"

लोक पोट धरून हसले. 'खाष्ट म्हातारी' हे नाव कपाळी चिकटलं. म्हणून नातीच्या शाळेतल्या बाईंनी तिच्या वर्गात बोलावलं, तेव्हा आजी आपली बाजू मांडायला ठेवणीतले कपडे घालून ताठ मानेने गेल्या.

"मुलांनो, व्हिडिओत दिसतं तेवढंच खरं नसतं," तो भिंतीवर दाखवून झाल्यावर बाई म्हणाल्या. "कॅमेऱ्याबाहेर काय होतं, ते आजींना विचारा."

"मी त्या लेकराला बोललेच नाही!" आजींनी ठणकावलं.

"मग कोणाला?" एका मुलीने विचारलं.

आजी ओरडल्या होत्या त्या तरुणीच्या मागे, दारात उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्यावर. तिच्या पाठीचं माप घेताना टेपखाली भाजल्याचे डाग दिसले होते. पोरगी कानाशी पुटपुटली होती, "कुणाला सांगू नका. जिवंत ठेवणार नाही तो मला." इथे तर तीस पोरं, तीस फोन. सांगावं तर तिच्या जिवावर, गिळावं तर आपल्या अब्रूवर.

"तिलाच बोलले," आजी म्हणाल्या. "आहेच मी खाष्ट. झालं समाधान?"

वर्ग खिदळला. प्रश्न विचारणारी मुलगी मात्र हसली नाही. "बाई, व्हिडिओत आजी त्या ताईच्या डोक्यावरून मागे बघतायत. मागे कुणीतरी आहे."

"शाब्बास! असंच बघायचं असतं," बाई हरखल्या. "पुन्हा लावू. सावकाश."

भिंतीवर दुकान उमटलं. लाखोंनी पाहिलं होतं, पण कोपऱ्यातल्या आरशाकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. आता त्यात एका पुरुषाच्या शर्टाची बाही सरकत आत येऊ लागली.

आजी उठल्या आणि थेट भिंतीसमोर, प्रोजेक्टरच्या झोतात जाऊन उभ्या राहिल्या.

"आजी, जरा बाजूला व्हा ना."

"नाही होत. हात लावून बघा कुणी!"

हास्याचा फवारा उडाला. फटाफट फोन वर झाले. नात रडकुंडीला येऊन जवळ गेली आणि कुजबुजली, "आजी, शूट करतायत सगळे. आणखी हसतील."

"हसू देत."

डोळ्यांत प्रकाश खुपत होता. तास संपायला अजून वीस मिनिटं होती.