दीडशेचा नियम

नव्या रस्त्याच्या रेखांकनात तिने सातव्या वळणावर माऊस नेला आणि हात तिथेच थांबला. नियम मोडला की पडद्यावर पिवळा त्रिकोण उमटायला हवा. इथे तो नव्हता, आणि वळण तर नुसत्या नजरेलाही तीव्र वाटत होतं.

तिने त्रिज्या पाहिली. एकशे नव्वद मीटर. ताशी ऐंशीच्या रस्त्याला अडीचशे तरी हवी. मग सॉफ्टवेअर गप्प का?

तपासणीच्या नियमांची फाईल तिचीच होती. चार वर्षांपूर्वी एका घाटरस्त्यासाठी तिने स्वतः लिहिलेली: त्रिज्या दीडशेच्या खाली नसावी. साठच्या वेगाला ते ठीक होतं. फाईल इतकी सोयीची निघाली की पुढच्या प्रत्येक कामाला ऑफिसने तीच लावली. वेग बदलले, दीडशे तसेच राहिले. 'ताईंची फाईल' म्हटलं की कोणी उघडूनही बघत नसे, आणि ताईही त्या कौतुकावर खूश.

आजचं काम कागदावरच होतं, सुधारता येणार होतं. पण मधल्या कामांतला एक रस्ता गेल्या वर्षी बांधून खुला झाला होता. त्यावरून तिचा थोरला भाऊ रोज दुधाचा टँकर नेत असे. तिने ते जुनं रेखांकन उघडलं, दीडशे खोडून अडीचशे टाकले. एकच त्रिकोण उमटला, पुलाचा उतार संपतो तिथे. त्रिज्या एकशे साठ.

साहेबांनी केबिनमध्ये सगळं ऐकून घेतलं.

"कोणाला बोललात?"

"अजून नाही."

"मग बोलूही नका. आजचं वळण मोठं करा आणि पाठवून द्या. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"साहेब, तिथे गाड्या उतारावरून ऐंशीने येतात."

"वर्षभरात काही झालंय का? नाही ना? आणि उद्या कोणी विचारलं, फाईल कोणाची, तर काय सांगाल?"

आपली नोकरी जाईल, नाव जाईल, हे तिला लख्ख दिसत होतं. ती बाहेर जिन्यात आली आणि तिने भावाला फोन लावला.

"दादा, कुठे आहेस?"

"टँकर भरून झालाय, निघतोच आहे. का गं?"

"पुलापुढच्या वळणावर हळू जा."

तो हसला. "तिथे ना? अगं, तिथे नवे ड्रायव्हर हमखास बुजतात, ब्रेक मारतात. मीच त्यांना सांगतो, घाबरताय काय, माझ्या बहिणीने आखलंय ते. बिनधास्त ऐंशीने काढा."

तिने जिन्याचा कठडा घट्ट धरला.

"हॅलो? ऐकतेस ना?"

"दादा, त्या सगळ्यांना फोन कर. आत्ता, निघायच्या आधी. सांग, बहिणीचं चुकलंय."

पलीकडे इंजिनाची घरघर होती, ती बंद झाली.

"किती चुकलंय?"

"नव्वद मीटर."

टँकरचं दार उघडल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "करतो फोन."

जागेवर येऊन तिने रस्तेखात्याला पत्र लिहायला घेतलं. विषय, संदर्भ, कामाचा क्रमांक. साहेब केबिनच्या दारात येऊन उभे राहिले, तरी तिने मान वर केली नाही. पहिलं वाक्य तिने टाईप केलं: फाईल माझी आहे.