सोळाव्या वर्षाची सही

"चाळीस पानं छापायला पैसे आहेत, आणि उत्तर लिहायला जागा मात्र दोन बोटांची," व्हॅल पुटपुटली. चहात बिस्किट बुडवता बुडवता स्वतःशीच बोलत होती म्हणायचं. पण इंग्लंडातल्या ग्रिम्सबीतल्या त्या स्वयंपाकघरात स्वतःशी बोलायचं तर मागच्या अंगणात जावं लागतं.

तिची लेक जनीन अर्जावर वाकली होती. पुढच्या मंगळवारी जनीनची मुलगी कीली सोळा वर्षांची होणार. कीलीला मधुमेह आठव्या वर्षापासून, आणि तोही गोळ्यांचा नव्हे, सुयांचा. तेव्हापासून लहान मुलांना मिळणारा अपंगत्वाचा भत्ता चालू होता, आणि त्याला धरून, मुलीला सांभाळते म्हणून, जनीनलाही वेगळा. त्या जोरावरच तिनं मासळीच्या कारखान्यातली रात्रपाळी सोडली होती. सोळा पूर्ण झाली की लहानपणीचा भत्ता बंद. मोठ्यांच्या भत्त्यासाठी नवा अर्ज, मुलीच्या नावानं आणि मुलीच्या सहीनं. तो फेटाळला तर जनीनचाही भत्ता जाणार, आणि पुन्हा रात्रपाळी.

सगळं अडलं होतं ते त्या सहीपाशी. सही करणार म्हणजे मुलगी अर्ज वाचणार.

"रात्रीचं काय लिहिलंस?" व्हॅलनं विचारलं.

"रात्री मदत लागते."

"मदत? मदत मला बरणीचं झाकण उघडायला लागते. काय होतं ते सरळ लिही की."

"आई, ती वाचेल ना."

व्हॅलनं कपात डोकावून पाहिलं. बिस्किट एव्हाना चहाच्या तळाशी गेलं होतं.

होत होतं ते असं. झोपेत कीलीची साखर उतरायची. दंडावरची साखर मोजणारी चकती फोनला कळवायची आणि फोन कोकलायला लागायचा. भिंतीपलीकडचे शेजारी जागे व्हायचे, कीली व्हायची नाही. मग जनीन तिचं डोकं मांडीवर घेऊन घोट घोट सरबत पाजायची. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. सकाळी मुलीला एवढंच सांगायची, "रात्री जरा उतरली होती बघ." तुला काही झालेलं नाही, जरा लक्ष ठेवायचं एवढंच, हे तिनं मुलीला आठ वर्षं शिकवलं होतं. आणि मुलगी अभ्यासात यथातथाच असली तरी हा धडा तिनं चोख पाठ केला होता.

कीलीनं अर्ज वाचला. "शी, मम! मी अजून पाळण्यातच आहे असं वाटतंय." तरी सही केली, गिचमीड, तोऱ्यात.

महिन्याभरानं भत्त्यासाठीची तपासणी झाली, फोनवरच. फोन टेबलाच्या मधोमध ठेवून तिघी भोवती बसल्या. पलीकडची बाई गोड आवाजाची.

"आज कशी आहेस, कीली?"

"मस्त. तुम्ही?"

जनीननं डोळे मिटले. हे विचारतील तेव्हा सांभाळ, असं सल्ला केंद्रातल्या माणसानं दोनदा बजावलं होतं. पण इथली रीतच तशी. बसखालून ओढून काढलेल्या माणसाला विचारलंत तरी तो म्हणेल, तक्रार नाही, आणि वर तुमच्या गुडघ्याची चौकशी करील.

"सुई स्वतः टोचून घेतेस?"

"नऊ वर्षांची असल्यापासून."

"स्वयंपाक येतो?"

"पास्ता येतो. ममपेक्षा बरा."

बाई हसली. जनीनही हसली, आणि तिला स्वतःचाच राग आला.

"रात्री साखर उतरली तर?"

"फोन वाजतो."

"मग?"

"मग मी काहीतरी गोड खाते."

व्हॅलनं टेबलाखालून लेकीच्या नडगीवर चपलेचं टोक हाणलं. बाई म्हणाली, "आईला काही सांगायचंय का?"

जनीननं कीलीकडे पाहिलं. हनुवटी वर, डोळे फोनवर.

"नाही," जनीन म्हणाली. "फार छान सांभाळते ती."

पत्र आलं आठ आठवड्यांनी. गुण शून्य, म्हणजे भत्ता नाही. अर्जदार प्रसन्नपणे बोलत होती, असंही त्यात नोंदवलं होतं.

"शून्य," व्हॅल म्हणाली. "गणितातसुद्धा इतके कमी कधी पडले नव्हते पोरीला."

जनीननं कारखान्यात फोन केला. तिथे हात नेहमीच कमी. शुक्रवारपासून ये म्हणाले, रात्री दहा ते सहा.

"तू इथे झोपायला येशील?" तिनं आईला विचारलं.

"येईन की. पण माझे यंत्राचे कान मी रात्री काढून बशीत ठेवते, ठाऊक आहे ना? बशीला ऐकू येईल गजर."

हसलं कुणीच नाही.

शुक्रवारी दुपारी कीली कॉलेजातून आली. दाराशी आईचे कारखान्यातले पांढरे रबरी बूट धुऊन ठेवलेले होते. ती त्यांच्याकडे बघत थोडा वेळ उभी राहिली. मग आत येऊन तिनं फ्रिजवरचं पत्र काढलं आणि त्यावरचा नंबर लावला. पाऊण तास तेच ते संगीत वाजत राहिलं. जनीन भांडी विसळत होती; विसळलेली पुन्हा विसळत होती.

शेवटी एक माणूस बोलला. निर्णय फेरविचारासाठी का द्यायचा, ते थोडक्यात सांगा म्हणाला.

"मी खोटं बोलले होते," कीली म्हणाली.

जनीननं नळ बंद केला.

"मला गजर ऐकू येत नाही. कधीच आला नाही. मम उठते. मला पत्ताच नसतो असं तिला वाटतं, पण सकाळी माझे केस सरबतानं उशीला चिकटलेले असतात, मला काय कळत नाही? मी विचारत नाही आणि ती सांगत नाही."

"बरं," माणूस म्हणाला. टाइप केल्याचा आवाज येत होता. "आणि आई घरात नसेल तर काय होईल, असं लिहू?"

कीलीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. आईकडे पाठ केली.

"मी मरेन," ती म्हणाली. "असं लिहा."