ज्याच्या हाती खुळखुळा

वारज्यात नव्या आयांसाठी शनिवारचा गट सुरू केला तो सुनीतीने. बाळंतपणानंतर मन खचतं, रडू येतं, त्यात लाज कसली, हे तिने इतक्या बायकांना समजावलं होतं की स्वतःचं बाळंतपण म्हणजे नुसती उजळणी, असं ती धरून चालली होती. पोहायला शिकवणारा मास्तर काही बुडत नाही. पण मास्तर बुडाला, आणि बुडतानाही त्याला पहिली चिंता पडली ती विद्यार्थी बघतील याची.

मुलगी दोन महिन्यांची झाली होती. सुनीती तिला वेळेवर पाजायची, न्हाऊमाखू घालायची, धुरी द्यायची, आणि तिच्याकडे बघून तिला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. शेजाऱ्यांचं पार्सल आपल्याकडे ठेवून घ्यावं, तशी ती मुलगी घरात होती. मग सुनीती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडायची. ही युक्ती तिला गटातल्या बायकांकडूनच कळली होती. 'नळ सोडून रडता का?' हा तिचा पहिल्या भेटीतला हमखास प्रश्न असे.

घरच्यांना दोष द्यायचीही सोय नव्हती, कारण त्यांना तिनेच तयार केलं होतं. आधी आईची विचारपूस, मग बाळाचं कौतुक, हा तिचा नियम. सासूबाई वासंतीताई म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका, नियम म्हटला की पाळणारच. रोज सकाळी चहाचा कप पुढे ठेवून त्या विचारायच्या, "सुनीती, आज मनाचं कसं काय?"

"छान आहे, आई."

"कालही छानच होतं," असं म्हणून त्या वर्तमानपत्र उघडायच्या.

खरं सांगितलं असतं तर घरचे धावले असते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं कुणी म्हटलं तर? सुनीतीला स्वतःची फार काळजी होती. मनाची नव्हे, नावाची.

शेवटी, आपण नसलो तर गट मोडेल, अशी स्वतःचीच समजूत घालून ती एका शनिवारी निघाली. बाळाला सांभाळायला वासंतीताई बरोबर आल्या. गट अजिबात मोडला नव्हता. दोन वर्षांपूर्वी याच गटात रडत आलेली शालू तो झकास चालवत होती आणि बायका वाढल्या होत्या. याचा सुनीतीला आनंद व्हायला हवा होता. तिला थोडा रागच आला.

गटाची रीतही तिचीच. गोल बसायचं आणि लाकडी खुळखुळा फिरवायचा. तो जिच्या हातात येईल तिने खरं बोलायचं, तेही 'आपण बायका' असं नाही, 'मी' म्हणून. बाकीच्यांनी ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही. सुनीती स्वतः मात्र खुळखुळ्याला कधी हात लावत नसे.

त्या दिवशी एका नव्या मुलीच्या हातून तो निसटला आणि गडगडत सुनीतीच्या पायाशी आला. तिने सवयीने उचलून परत द्यायला हात पुढे केला. मुलीने घेतला नाही. 

"ताई," शालू म्हणाली, "ज्याच्या हाती खुळखुळा त्यानं बोलायचं. तुमचाच नियम हाय."

सुनीती हसली. "बाळंतपणानंतर आईच्या मनात संमिश्र भावना असतात..."

"कंच्या आईच्या? 'मी' म्हणून बोला."

मागे बाळाला थोपटणारा वासंतीताईंचा हात थांबला. सुनीतीच्या ओठांवर 'छान' आलंच होतं. ते तिथे मुक्कामालाच होतं. पण बाहेर पडलं ते वेगळंच.

"मला ही मुलगी माझी वाटत नाही. मी तिचं सगळं करते, पण मला काही वाटत नाही. मी नळ सोडून रडते."

'होतं गं असं' म्हणून पाठीवरून हातसुद्धा कुणी फिरवला नाही. सुनीतीने त्यांना फारच चांगलं शिकवलं होतं. हा कसला मेला नियम, असं तिच्या मनात आलं आणि ती नळाशिवाय रडली.

तेव्हा वासंतीताई उठल्या. बाळ शालूच्या मांडीवर दिलं आणि सुनीतीच्या हातातून खुळखुळा काढून घेतला.

"आता मी. हिचा नवरा, श्रीनिवास, झाला तेव्हा मी मिरच्या वाटताना रडायचे. घरात सगळे म्हणायचे, वासंतीला तिखट सोसत नाही. त्या वर्षी आमच्याकडे ठेच्याला तोटा नव्हता."

बायका हसल्या. रडता रडता सुनीतीलाही हसू आलं.

"आणि हिला रोज विचारून मी 'छान' हे उत्तर मान्य केलं. रीत न बघता पूर्ण गुण दिले. जन्मात कुठल्या पोराला दिले नव्हते."

"काकू, सल्ला द्यायचा नाही हां," शालूने आठवण करून दिली.

"सल्ला कोण देतंय? सोमवारी मी हिला डॉक्टरकडे नेणार आहे, आणि आजपासून दुपारी ही झोपणार, बाळ माझ्याकडे. हे वेळापत्रक आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप नेहमीसारखा पुढे आला. "आज मनाचं कसं काय?"

"वाईट आहे, आई."

वासंतीताईंनी वर्तमानपत्र बाजूला सारलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"हं. आता रीत सांग."