स्पंजाच्या बाटल्या

घरात दारूचा वास येतोय, हे नागूबाईला कुणी सांगायची गरज नव्हती. नवरा धोंडिराम जन्मभर प्याला आणि शेवटी कुठलीतरी भलतीच दारू पोटात जाऊन गेला, तेव्हापासून बाईचं नाक लईच तिखट झालं होतं. मुलगा यशपालही काही वर्षं बापाच्याच वाटेनं चालला होता. लग्नानंतर त्यानं विहारात पंचशील घेतलं, कानाला खडा लावला आणि ते आजवर पाळलंही. पण आईचं मन कुठलं ऐकतंय! तो मोटार वाइंडिंगच्या दुकानातून आला की पाण्याचा तांब्या द्यायच्या निमित्तानं ती जवळ जायची आणि हळूच त्याचं तोंड हुंगायची.

आणि आता वास येत होता तो त्याच्याच खोलीतून. तिनं लोखंडी कपाट उघडलं तर आत बाटल्याच बाटल्या!

बाटल्या सुनेच्या निघाल्या. प्रतिक्षा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि पीएच.डी. करायची. लॅबचं छत दुरुस्तीला काढलं होतं, म्हणून सुट्टीपुरता तिनं सगळा पसारा घरी आणला होता.

"स्पंज आहेत, आत्या," ती म्हणाली. सासूला ती आत्याच म्हणायची. "रामेश्वराच्या बाजूला समुद्रात गवताची कुरणं आहेत. त्या गवतात राहतात हे."

"समुद्रात गवत? मग म्हशीबी असतील की तितं!"

"म्हशी नाहीत, पण समुद्रगायी आहेत. त्या तेच गवत खातात."

नागूबाईनं कपाळाला हात लावला. एवढं शिकून पोरगी सासूला येड्यात काढतीया, एवढंच तिला कळलं.

प्रतिक्षानं मोबाइलवर फोटो दाखवले. एक स्पंज गवताच्या पात्याला गुंडाळून बसलेला, एक भगवा, बोटं वर केल्यासारखा, एक काळा गोळा अंगावर वाळू घेऊन पडलेला, एक हिरवा, एक जांभळा. सगळे जिवंत प्राणी म्हणे, पण जागचे हलत नाहीत, पाणी गाळून त्यातलं बारीकसारीक खातात. "एवढ्याशा कुरणात इतक्या जाती, आत्या! काहींना तर अजून नावसुद्धा नाही," ती म्हणाली तेव्हा तिचा चेहरा नुसता फुलला होता.

पण फोटोत होळीचे रंग आणि बाटल्यांत बघावं तर सगळे पांढरट. नागूबाईच्या मनात पाल चुकचुकली. "रंग कुटं गेला?"

"स्पिरिटमध्ये उतरतो. हे पाणी बघा ना, कुठं पिवळं, कुठं तपकिरी. आम्ही ओळखतो ते आतल्या सुयांवरून. काचेसारख्या बारीक सुया असतात यांच्या अंगात, बहुतेक जातींची ठेवण वेगळी. आणि ही कोपऱ्यातली बाटली उघडू नका हं. हाताची आग आग होते, आठ-आठ दिवस जात नाही."

नागूबाईच्या कानात मात्र एकच शब्द अडकला होता. "स्पिरिट म्हंजी दारूच की."

"ही प्यायची नसते ओ. ही विषारी, माणूस मरेल!" प्रतिक्षा हसत म्हणाली आणि पेपर तपासायला बसली.

हसली! धोंडिरामही असंच काहीतरी पिऊन गेला होता आणि ही हसतीया. त्या दिवसापासून नागूबाईनं डोळ्यांत तेल घालून पोरावर नजर ठेवली. तो खोलीत जरा जास्त वेळ थांबला की तिचा जीव खालीवर व्हायचा. एका संध्याकाळी त्याच्या शर्टाला तोच वास आला.

"काय करत होतास रं आत?"

"झाकणं आवळत होतो. प्रतिक्षानं सांगितलं होतं."

झाकणं म्हणे! बापही असंच तोंडावर खोटं बोलायचा.

दुसऱ्या दिवशी दोघं बाहेर पडल्यावर तिनं चहाची गाळणी घेतली आणि एकेक बाटली मोरीत रिकामी केली. कपाटाशेजारचा स्पिरिटचा कॅनही उपडा केला. स्पंजाचा नखाएवढा तुकडासुद्धा तिनं वाया जाऊ दिला नाही. ज्याची चिठ्ठी त्याच्याच बाटलीत राहील हे बघितलं. मग नळाला पाणी चार दिवसांनी येतं हे ठाऊक असूनही तिनं पिण्याच्या हंड्यातलं पाणी सगळ्या बाटल्यांत भरलं. सुनेचं सामान जागेवर आणि पोराचा जीवही जागेवर. कित्येक दिवसांनी त्या दुपारी तिला शांत झोप लागली.

पण सोलापूरचा मे महिना तो. आठवडाही उलटला नाही तोच कपाटातून मेल्या उंदरासारखी घाण सुटली.

प्रतिक्षानं बाटली उघडली, दुसरी उघडली, तिसरी उघडली. स्पंज गळून लगदा झाले होते. "पाणी आहे हे," ती पुटपुटली. "पिवळं नाही, काही नाही. नुसतं पाणी." मग ती सावकाश नवऱ्याकडं वळली. "किती दिवस चाललंय, यशपाल? प्यायचं आणि पाणी भरून ठेवायचं?"

"मी न्हाय. आईशप्पत, मी न्हाय!"

प्यायच्या दिवसांत तो नेमकं हेच बोलायचा, ह्याच आवाजात. तिघांनाही ते आठवलं.

"माझी दोन वर्षांची मेहनत गेली ती गेली," प्रतिक्षा रडत म्हणाली, "पण तू पुन्हा... मी मंगळवेढ्याला जाते. आईकडं. आज, आत्ता."

नागूबाई दारात उभी होती, हात पदराखाली घेऊन. गप्प बसली तर कुणाला काही कळणार नव्हतं. पण पोराचा संसार डोळ्यांदेखत मोडत होता, आणि त्याच्या तोंडचा रंग पार उडाला होता.

"त्यानं न्हाय केलं," ती म्हणाली आणि तिनं हात पुढं केले. बोटं सुजून लालेलाल झाली होती. "त्या कोपऱ्यातल्या बाटलीनं केलंय हे. मीच वतलं समदं. मला वाटलं, ह्यो पिऊन मरंल."

प्रतिक्षानं ती बोटं बघितली. नवऱ्याकडं बघायचं धाडस काही तिला झालं नाही.

यशपाल मात्र आईसमोर आला, अगदी जवळ. तो खाली वाकला आणि त्यानं तोंड उघडलं. "हुंग, आई. रोज चोरून हुंगतीस ते मला काय कळत न्हाय व्हय? आज समोरासमोर हुंग."

आणि लाज वाटावी अशी गोष्ट, नागूबाईनं खरंच हुंगलं. चहाचा आणि शेंगाचटणीचा वास आला, दुसरा कसलाही नाही.

तिनं हुंगलेलं त्यानं बघितलं. मग त्यानं चपला घातल्या आणि तो दुकानाकडं निघून गेला.