दोन तुकडे झालेल्या दोराची साक्ष

मित्रांनो, माझ्या अंगाला सुतळीने पुठ्ठ्याची एक चिठ्ठी बांधलेली आहे. तिच्यावर निळ्या शाईत लिहिले आहे, ‘जुना दोर, डांबर लावलेला, तुकडे दोन.’ तुकडे दोन झाले तरी मी स्वतःला अजून एकच समजतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, मी तर फक्त तुटलो आहे.

मी राहतो ती खोली न्यायालयाच्या तळमजल्यावर आहे. खटल्यांत पुरावा म्हणून आलेल्या वस्तू, म्हणजे मुद्देमाल, इथे ठेवतात. माझ्या एका बाजूला हँडल नसलेली सायकल आहे आणि दुसऱ्या बाजूला लाखेची मोहोर लावलेली पोती आहेत. त्या पोत्यांत पकडलेला गांजा आहे. इथला कारकून दार उघडतो, तीनदा शिंकतो आणि म्हणतो, "काय, बरं चाललंय ना दोघा भावांचं?" त्याला वाटते, आपण थट्टा केली. पण ते खरेच आहे. मी भांगेच्या झाडाच्या सालीचा दोर, आणि पोत्यातला गांजा म्हणजे त्याच कुळातल्या झाडांची फुले.

आधी या कुळाची ओळख करून देतो, कारण पुढे जे वाईट घडले त्यात आमच्या नावाचा मोठा हात होता. आमच्यात वाण अनेक. माझा वाण माणसाच्या दुप्पट उंच आणि काठीसारखा सरळ. तो दाट पेरतात, म्हणजे फांद्या फुटायला जागाच राहत नाही. त्याच्या अंगात नशा नावालाच असते, सगळी ताकद सालीत. दुसरा वाण डोंगराळ भागातला, बुटका, रुंद पानांचा. तिसरा उष्ण प्रदेशातला, उंच पण फांद्यांनी पसरलेला, बोटांसारख्या अरुंद पानांचा. आमच्यात नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाणांच्या मादी झाडांना फुले येतात तेव्हा त्यांच्यावर चिकट राळ धरते. पानांना भांग म्हणतात, फुलांना गांजा आणि राळेला चरस. लोक मात्र सगळ्यांना एकाच काठीने हाकतात.

मला शेतातून कापले, जुड्या बांधल्या आणि डबक्यात बुडवून वर दगड ठेवले. झाड पाण्यात कुजवल्याशिवाय साल काडीपासून सुटत नाही. त्या वासाने माणसे नाक दाबून पळत. मग मला वाळवले, बडवले, लोखंडी दातांच्या फणीतून ओढले आणि एका म्हाताऱ्या दोरवाल्याच्या अंगणात नेऊन टाकले.

दोरवाला कमरेला सालीच्या तंतूंचा पेळू गुंडाळून उलटा चालत असे. त्याची सून दुसऱ्या टोकाला चाक फिरवी. तो एकेक पाऊल मागे जाई आणि त्याच्या बोटांतून धागा सुटत राही. चालताना तो सतत बोलत असे. "हजारो वर्षं झाली या झाडाला," तो सुनेला सांगे. "कापड याचं, कागद याचा, जहाजांची शिडं आणि दोर याचे. बियांचं तेल दिव्यात जळायचं. बिया पाखरंही खातात आणि माणसंही. जुने वैद्य दुखण्यावर, झोपेवर याचं औषध द्यायचे. मग लोकांनी याचा धूर केला, डोकी बिघडवून घेतली आणि कायद्यानं झाडच धरलं."

"धरणारच की," सून म्हणाली. "आमच्या गल्लीतला तो पोरगा बघा. सोळाव्या वर्षी नाद लागला, आता भिंतीशी बोलतो."

"खरं आहे गं. आणि परवा दवाखान्यात डॉक्टरीणबाई सांगत होत्या की लहान मुलांच्या एका जातीच्या झटक्यांवर याच झाडातून काढलेलं औषध देतात. दोन्ही खरं आहे. चाक फिरव, थांबू नकोस."

असे तीन पदर वळून मी तयार झालो. मला विकताना दोरवाल्याने गिऱ्हाइकाला एकच नियम सांगितला. "वर्षातून एकदा लाकडी टोच्यानं तीन ठिकाणी पदर उघडायचे. आत बघायचं, हुंगायचं. दोराची परीक्षा पोटात असते, पाठीवर नाही."

ते गिऱ्हाईक म्हणजे चिमणीवाला. कारखान्यांच्या उंच चिमण्यांवर चढून तो विटांच्या सांध्यांची डागडुजी करी. वर कप्पी, कप्पीतून मी, माझ्या एका टोकाला बसायची फळी आणि फळीवर तो. माझे दुसरे टोक खाली दोघे गडी धरत. आठ वर्षे मी त्याला रोज वर नेले आणि रोज खाली आणले. काम संपले की तो माझ्यावर हात फिरवून म्हणे, "शाबास रे पठ्ठ्या!" मला फार अभिमान वाटे. पहिली सहा वर्षे तो दरवर्षी नेमाने मला तीन ठिकाणी उघडी, नाक लावून हुंगी आणि पुन्हा घट्ट पिळून ठेवी.

त्याच्या उजव्या खांद्याला जुने दुखणे होते. ते वाढले तशी तो संध्याकाळी घरी ओसरीवर बसून गांजाची चिलीम ओढू लागला. त्याची बायको कुरकुर करी. "वैद्य नाहीत, डॉक्टर नाहीत, तुम्हीच तुमचे डॉक्टर!" तो खाली मान घालून हसे. ती सवय चांगली नव्हती, तिचे कौतुक मी करणार नाही. पण मित्रांनो, ओढून तो चिमणीवर कधी चढला नाही. आठ वर्षे त्याचे तळवे माझ्या अंगावर होते. ते थरथरले असते तर सगळ्यांच्या आधी मला कळले असते.

एकदा एका मोठ्या कारखान्याचे काम चालले होते. पंधरा दिवस तो काळोख पडल्यावर घरी जात होता. एके संध्याकाळी मी काजळीने माखलो होतो म्हणून त्याने मला हौदात धुतले. मी पाण्याने निथळत असतानाच कंत्राटदार आला. "उद्या सकाळी तपासनीस येणार आहे. हा दोर किती कळकट दिसतोय! डांबर लाव याला. नवा दिसला पाहिजे."

कंत्राटदार निघून गेला, तेवढ्यात चिमणीवाल्याची बायको त्याला घ्यायला आली.

तो तिला म्हणाला, "अगं, ओला आहे हा. रात्रभर भट्टीच्या खोलीत टांगतो आणि पहाटे येऊन डांबर लावतो."

"पुन्हा पहाटे उठून यायचं? अहो, पंधरा दिवस झाले, घरात नीट दोन घास खाल्ले नाहीत तुम्ही. आत्ताच उरकून टाका. मी टोक धरते."

त्याने आभाळाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले. मग डांबराचा डबा उघडला. तिने माझे टोक ताणून धरले आणि त्याने कुंचला फिरवला. दोघे हसत होते, तिच्या कोपराला डांबर लागले होते. मी आतून थंडगार होतो आणि वरून माझी सगळी दारे बंद होत होती. ओरडावेसे वाटले, पण दोराला तोंड कुठे असते?

सकाळी तपासनिसाने मला बघितले आणि "वा!" म्हणून सही केली. सगळ्यांनी माझी स्तुती केली. मी चकचकीत काळा दिसत होतो. त्यानंतर दोन वर्षे मला कोणी उघडले नाही. चिमणीवाला टोचा घेऊन बसला होता एकदा. मग म्हणाला, "एवढं छान डांबर बसलंय, उगाच कशाला फोडा?" कोंडलेले पाणी माझे पोट हळूहळू खात होते. बडा घर पोकळ वासा, तसा मी झालो होतो.

ते घडले एका सकाळी, स्वच्छ उन्हात. तो वर पोचला होता. खालच्या गड्याला हाताने खूण करत होता. मी कप्पीपाशी तुटलो. आवाज फार मोठा झाला नाही. माझा एक तुकडा वर लोंबकळत राहिला आणि दुसरा त्याच्याबरोबर खाली आला. ते मी विसरू शकत नाही.

त्याच्या खिशात संध्याकाळसाठी ठेवलेली गांजाची पुडी सापडली. झाले! कंत्राटदार चारचौघांत म्हणाला, "गांजेकस होता. नशेत तोल गेला." रक्त तपासायचे कोणाला सुचले नाही. त्याला खांदा द्यायला कामावरचे दोघेच गडी आले. बाकीचे दारे लावून बसले. नळावर बायका त्याच्या बायकोकडे पाठ करू लागल्या. तिच्या सासूने तर सांगितले, "त्याचं नाव काढू नकोस माझ्यासमोर." बायकोला दुसरे काही नको होते. आपला नवरा शुद्धीत होता, एवढे एकदा कोणीतरी मोठ्याने म्हणावे, एवढेच तिला हवे होते. त्यासाठी ती तीन वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवत राहिली. आणि मी तीन वर्षे इथे पडून होतो. चिठ्ठी सगळ्यांनी वाचली, दोर कोणीच पाहिला नाही.

शेवटी ती दोरवाल्याला शोधून घेऊन आली. तो आता फारच वाकला होता. मला न्यायाधीशबाईंसमोरच्या टेबलावर ठेवले. त्याने टोचा घातला आणि पदर उघडले. आतून तपकिरी भुसा टेबलावर सांडला. आंबट वास सुटला.

"बघा बाईसाहेब," तो म्हणाला. "याचं पीठ झालंय. यावर कोणीही बसलं असतं तरी तुटला असता. ओल्या अंगावर डांबर फासलंय कुणीतरी."

बायकोने डोळे मिटले. मला वाटले, सुटला बिचारा. पण कंत्राटदार उभा राहिला. "मी फक्त डांबर लाव म्हटलं होतं. लावलं त्यानंच! इतका जुना जाणता माणूस ओल्या दोराला डांबर लावेल? शुद्धीवर असेल तर लावेल? म्हणजे तेव्हाही नशेतच होता."

न्यायाधीशबाईंनी बायकोकडे पाहिले. "तुम्हाला याबद्दल काही माहीत आहे?"

ती ‘नाही’ म्हणाली असती तर तिला कोणी पुढे काही विचारले नसते. त्या संध्याकाळी तिथे आम्ही तिघेच होतो, एक मेला होता आणि एक मुका होता. ती टेबलापाशी आली. माझ्या सडलेल्या पोटातला भुसा तिने बोटांनी चिमटीत धरला. तिला तेव्हाच सगळे उमगले असावे, कारण तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"ते शुद्धीत होते," ती म्हणाली. "वाळल्यावर पहाटे लावतो म्हणत होते. मीच म्हटलं, आत्ताच उरका. टोक मी धरलं होतं."

कारकुनाची लेखणी थांबली. मग पुन्हा चालू लागली. निकालात लिहिले गेले की मयत नशेत असल्याचा कोणताही पुरावा नाही, आणि माणूस वर चढवण्याआधी दोराची परीक्षा करून घेणे हे कंत्राटदाराचे काम होते. कंत्राटदाराला शिक्षा झाली. तिला हवे होते ते वाक्य तिला मिळाले. ते ऐकताना ती उभी होती. बाहेर पडताना दोरवाल्याने तिला हात दिला. "चल पोरी," एवढेच तो म्हणाला.

मित्रांनो, खटला संपला की मुद्देमालाचा उपयोग संपतो. उद्या गांजाच्या पोत्यांबरोबर मलाही जाळणार आहेत. माझी त्याला हरकत नाही. जाण्याआधी एक मागणे आहे. वापरातली वस्तू चकचकीत दिसली म्हणून तिच्यावर भरवसा टाकू नका, वर्षातून एकदा तिचे पोट उघडून पाहा. एखाद्या माणसाच्या खिशात काय सापडले यावरून तो कसा मेला हे ठरवू नका. आणि त्या बाईला कोणी बोल लावू नका. तिने फक्त नवऱ्याला लवकर घरी बोलावले होते.