इंदूबाई गाणार नाही

मोड आलेले वाल सोलता सोलता साईराजने विषय काढला, तेव्हा इंदूबाईच्या चिमटीतला वाल साल मागे ठेवून टुणकन परातीबाहेर उडाला.

"मी नाय गाणार."

"आई, आधी पुरतं ऐकून तरी घे."

"ऐकलं की. नाय गाणार."

साईराजने ऋतिककडे पाहिलं. ऋतिक मान खाली घालून सोलत बसला होता. जळगावकडचा हा मुलगा वरणबट्टीवर वाढलेला, पण दोन वर्षांत वालाच्या बिरड्याच्या नादी लागला होता. शेलूला नव्या इमारतीत दोघांनी मिळून घर घेतलं होतं आणि एक रविवार आड दोघं आईकडे लोधिवलीला हजर व्हायचे.

इंदूबाई म्हणजे चौक-खालापूरकडची नावाजलेली धवलारीण. भटजी येवो न येवो, मांडवाखाली उभं राहून देवांना आवतण देणारे आणि नवरानवरीला हळदीपासून बोहल्यापर्यंत नेणारे धवले इंदूबाईच्या गळ्यातून निघाल्याशिवाय जुन्या घरांना लग्न लागल्यासारखं वाटत नसे. अर्ध्या तालुक्याचे संसार तिने गाऊन उभे केले होते. त्यांतले काही मोडलेही, पण त्याचा दोष ती गाण्याकडे घेत नसे.

येत्या शनिवारी मुंबईत प्राइडची मिरवणूक होती. दर वर्षी निघते, पण या वर्षी साईराजच्या मित्रमंडळींनी ठरवलं होतं की ज्याने त्याने आपल्या गावाकडचं गाणं नाहीतर वाद्य घेऊन चालायचं. कुणी हलगी आणणार होतं, कुणी संबळ. साईराजने छाती पुढे काढून सांगून टाकलं होतं, "माझी आई धवले गाईल." आईला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

"गावात काय म्हणतील, त्याचं वाटतं का तुला?" त्याने विचारलं.

"गावाला कोण इचारतंय?" इंदूबाईने परात स्वतःकडे ओढली. "मला सांग, तुमी दोघं हातात हात घालून चालणार?"

"हो."

"पुढं ढोल?"

"असणारच."

"दोन्ही अंगाला लोकं उभी राहून बघणार? बायका नटणार?"

"बायका नटतील, बाप्ये त्यांच्यापेक्षा जास्त नटतील," ऋतिक म्हणाला.

इंदूबाई हसली नाही. तिने हातातला वाल सोलून पूर्ण केला.

"मग तर मी गाणारच नाय," ती म्हणाली आणि परात घेऊन आत गेली.

साईराजला ते फार लागलं. दोन वर्षांपूर्वी याच पडवीत बसून त्याने आईला ऋतिकबद्दल सांगितलं होतं. तीन दिवस ती बोलली नव्हती. चौथ्या दिवशी चूल फुंकता फुंकता तिने विचारलं होतं, "त्याला तिखट चालतं का?" सगळं मिटलं असं तेव्हा साईराजने धरलं होतं. आता वाटलं, की घरात जेवायला वाढणं वेगळं आणि चारचौघांत उभं राहणं वेगळं. आईला आपली लाज वाटते. हे एकदा डोक्यात शिरल्यावर निघेना. आठवडाभर त्याने फोन केला नाही, आणि गंमत म्हणजे आईनेही केला नाही.

शनिवारी दुपारी मिरवणूक निघायच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. सप्तरंगी झेंडे, छत्र्या, ओढण्या, एका कुत्र्याच्या गळ्यातसुद्धा सप्तरंगी रुमाल. भरघोस मिशांचा एक उंचापुरा गडी नऊवारी नेसून, नथ घालून सगळ्यांना हळदीकुंकू लावत फिरत होता. तृतीयपंथीयांच्या एका घोळक्याने टाळ्यांचा असा काही ठेका धरला होता, की बंदोबस्ताच्या पोलिसाचा बूटही आपसूक हलत होता. कुणीतरी साईराजच्या दोन्ही गालांवर रंगांचे पट्टे ओढले. इतकी आनंदी माणसं एका जागी पाहिली की साईराजला दर वर्षी वेड लागायची पाळी येई. या वर्षी मात्र त्याचे डोळे सारखे फाटकाकडे जात होते.

"काकू कुठायत?" सुप्रियाने विचारलं. ही त्यांच्या गटातली खोपोलीची पोरगी. गळ्यात टिमकी अडकवून ती केव्हाची तयार होती.

"तिला बरं नाहीये," साईराज म्हणाला.

"कोणाला बरं नाय रं?"

तो वळला. मागे इंदूबाई उभी. अंगावर हिरवी गर्द नऊवारी, नाकात नथ, केसांत अबोलीचा गजरा. तिच्यामागे साईराजचे वडील, सहदेव, इस्त्रीच्या सदऱ्यात, दोन्ही हातांनी नारळ धरून. आणि त्यांच्या बाजूला एक काटकुळी म्हातारी, तोंडात पान, जणू या मैदानात रोजचं येणंजाणं असल्यासारखी निवांत.

साईराजने तिला ओळखलं आणि तो चाटच पडला. कोंडाणे लेण्यांच्या पायथ्याच्या वाडीतली चिंधी धवलारीण! सात वर्षांपूर्वी एकाच लग्नाला दोघींना आवतण गेलं होतं आणि दोघी एकाच वेळी गायला लागल्या होत्या. तेव्हापासून दोघींमधून विस्तव जात नव्हता.

"आई, हिला कशाला आणलीस?"

"मग गाणार कोण?" इंदूबाई म्हणाली. "आपल्याच लेकाच्या कार्यात धवलारीण गात नाय. त्या दिशी ती वरमाय असते. धवलारणीच्या पोटी जन्मला आणि एवढं पण ठावं नाय तुला?"

"आई, हे लग्न नाही गं. मिरवणूक आहे ही. आणि आमचं लग्न कायद्यात बसतच नाही."

"आमी कधी कायद्याला इचारून गायलो?" चिंधी पानाच्या आडून म्हणाली.

"मग त्या दिवशी हे सांगायचं नाही का? आठवडाभर फोनसुद्धा केला नाहीस!"

"फुरसत कुठं व्हती? दोनदा हिच्या दारात जाऊन आले. पहिल्या खेपेला हिनं पाणीसुदीक नाय इचारलं."

"दुसऱ्या खेपेला इचारलं," चिंधी म्हणाली.

साईराजला हसू आलं आणि त्याच दमात रडूही आलं, दोन्ही आवरेनात. इंदूबाईने पदराने त्याचं तोंड खसाखसा पुसलं. गालांवरचे सगळे रंग पदरावर उतरले. तिने पदर उलटसुलट करून पाहिला आणि तसाच खांद्यावर टाकला.

सहदेवने नारळ फोडला. चिंधीने पान थुंकून तोंड पुसलं, कानावर हात ठेवला आणि आवाज लावला. एवढ्याशा कुडीतून तो आवाज निघाला, तेव्हा आसपासचे भोंगे एकेक करून गप्प झाले. तिने गणपतीला बोलावलं, गावदेवीला बोलावलं, डोंगरावरच्या देवांना बोलावलं. सुप्रियाने टिमकीवर हलका ठेका धरला. मग रीतीप्रमाणे चिंधी थांबली.

"वरमाय कोण? पुढं यावं."

इंदूबाई पदर सावरून पुढे झाली. आयुष्यभर हे वाक्य तिने दुसऱ्या बायकांसाठी म्हटलं होतं.

"दुसऱ्या नवरदेवाची माय?"

कुणी पुढे आलं नाही. ऋतिक बुटांकडे पाहत राहिला.

"ती नाही यायची, आजी," तो हळूच म्हणाला. "माझा फोनही उचलत नाही."

चिंधीने इंदूबाईकडे पाहिलं. वरमाईची जागा रिकामी ठेवून धवला पुढे नेता येत नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. इंदूबाईने हात लांब करून ऋतिकचं मनगट धरलं आणि त्याला आपल्याजवळ ओढलं.

"ती पण मीच. गा तू."

"दोघांची?"

"दोघांची."

चिंधीने पुन्हा कानावर हात नेला, तेवढ्यात टिमकी थांबली.

"काकू," सुप्रिया म्हणाली, "माझी पण नाही आली."

"मग तिकडं काय करतेस? ये हिकडं."

सुप्रिया टिमकीसकट येऊन उभी राहिली. तिच्यामागून नथवाला मिशाळ गडी आला, हातात हळदीकुंकवाची कोयरी घेऊन. तो सुप्रियाच्या शेजारी उभा राहिला. मग चष्म्यातली दोन पोरं आली. मग टाळ्यांच्या घोळक्यातली एक, पन्नाशी उलटलेली, इंदूबाईहून थोडी लहान असेल नसेल. इंदूबाई प्रत्येकाला दंडाला धरून रांगेत नीट उभं करत होती.

"इंदे," चिंधी म्हणाली, "अगं, किती जणांची माय तू?"

"तू गा गं," इंदूबाई म्हणाली. "मोजत नको बसू."