बाबांच्या जागी अडुसष्ट किलो

टुंई!

पन्नास मिनिटं थोपटल्यावर बाळ नुकतं झोपलं होतं. चोराने खिशातून काढावा तसा मी पाळण्यावरून हात काढत होते, आणि नेमका स्वयंपाकघरातला वजनकाटा वाजला. बाळाने एक डोळा उघडला, मला पाहिलं, आणि मोठ्या मनाने परत मिटला.

ओट्यापाशी सासरे उभे होते. पीठ मोजायच्या काट्यावर गाडीच्या दाराची आतली मूठ ठेवलेली.

"दोनशे चाळीस ग्रॅम," ते कुजबुजले. कुजबुज बाळासाठी होती, पण आनंद लपत नव्हता.

"बाबा, मूठ काढलीत तर दार उघडणार कसं?"

"दोरी बांधू. दोरी अकरा ग्रॅम."

पस्तीस वर्षं ते वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. ते बाजारात शिरले की दुकानदारांना एकाएकी देव आठवायचे. खोटं बोलणारी माणसं त्यांनी चालवून घेतली असतील, खोटं बोलणारा काटा कधीच नाही. निवृत्त झाल्यावर लोक झाडं लावतात, गुडघे दुखवून घेतात. यांनी दोन सीटची, बिनछपराची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी जुनी स्पोर्ट्स कार घेतली. इंजिन जेमतेम, पण अंगाने पिसासारखी.

गावाबाहेर तासाभरावर शर्यतीचा ट्रॅक आहे. महिन्यातून एका रविवारी तिथे आपापली गाडी घेऊन कुणीही जाऊ शकतं. बाबांना कुणाला हरवायचं नव्हतं. त्यांना फक्त एक फेरी दोन मिनिटांच्या आत मारायची होती. सात वर्षं ते दोन मिनिटं एक सेकंदावर अडकले होते. आणि सत्तरी ओलांडलेल्याला ट्रॅकवर सोडत नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांचं सत्तरावं वर्ष संपणार होतं. म्हणजे येता रविवार शेवटचा.

"ताकद विकत आणावी लागते, वजन नुसतं सोडावं लागतं," असं त्यांचं म्हणणं. "दहा किलो सोडा, तीन दशांश सेकंद मिळवा." हे सूत्र त्यांनी पोस्टमनलासुद्धा ऐकवलं होतं. त्या सूत्रापायी गाडीतला गालिचा गेला, रेडिओ गेला, जादा चाक गेलं आणि शेजारची सीट गेली.

"माझी सीट काढली तेव्हाच ओळखलं मी," सासूबाई म्हणाल्या, "की या संसारात आता एकालाच जागा आहे."

"अगं, तू बसलीस कधी तिच्यात?"

"बोलावलंत कधी?"

जे काढता येत नाही त्याला ते भोकं पाडत. ब्रेकच्या पेडलला भोकं, बॅटरीच्या पट्टीला भोकं. एकदा हात बसल्यावर त्यांनी सासूबाईंच्या उलथन्यालाही चार पाडली. मागच्या आठवड्यात तर बाबा ड्रिल घेऊन स्वतःच्या कमरेच्या पट्ट्याला भोक पाडताना सापडले. आम्ही पोट धरून हसलो.

"आता स्वतःलाही पोखरायला लागले," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही लोक पँटी धुऊन धुऊन सैल करता," ते म्हणाले, आणि ताटातला अर्धा भात तसाच ठेवून गाडीकडे गेले.

शनिवारी दुपारी माझी ड्यूटी होती.

गाडी हलकी करून भागत नाही, तिचं वजन चारही चाकांवर नीट वाटून द्यावं लागतं. नाहीतर एक पाय आखूड असलेल्या स्टुलासारखी ती कोपऱ्याकोपऱ्याने डुगडुगते. त्यासाठी बाबा प्रत्येक चाकाखाली एक चपटा काटा ठेवत आणि गाडीखाली आडवे होऊन स्प्रिंगखालची कडी पान्याने फिरवत. कडी वर गेली की त्या चाकावर भार वाढतो, खाली आली की कमी होतो. पण हे सगळं चालवणारा माणूस गाडीत बसलेला असतानाच करायचं असतं. आणि चालवणारा तर गाडीखाली! म्हणून त्यांच्या जागी त्यांच्याच वजनाचं कुणीतरी हवं. बाबांच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलेलं होतं: चालक, अडुसष्ट किलो. दुसऱ्या बाळंतपणानंतर मीही नेमकी अडुसष्ट. त्या आकड्याचं जगात कुणाला कौतुक वाटलं असेल तर ते फक्त माझ्या सासऱ्यांना.

"रविवारपर्यंत एक ग्रॅम कमी करू नकोस, सूनबाई," ते मला बजावत. असं सुख किती सुनांच्या वाट्याला येतं?

बाळ सासूबाईंकडे होतं. मी त्या टणक सीटमध्ये हातपाय लांबवून दोन तास बसले. काहीही न करता, नुसतं वजन म्हणून. बाळ झाल्यापासून मला कुणी इतकं निवांत बसवलं नव्हतं. पाच वर्षांची ठकी, आमची थोरली, चार काट्यांभोवती फिरून आकडे वाचत होती. आकडे नुकतेच आल्यामुळे ती ते शाळेच्या प्रार्थनेसारखे म्हणायची.

"एकशे एकाहत्तर! एकशे सत्तर! आई, नाक खाजवू नकोस, आकडा हलतो!"

"शाब्बास," गाडीखालून आवाज आला. "हिला निरीक्षक करू."

संध्याकाळी बाबा बाहेर आले. ग्रीसने काळे, डोळे चमकणारे. रिकामी गाडी, ठरलेलं पेट्रोल धरून, सहाशे बारा. माणसासकट सहाशे ऐंशी. वहीत त्यांनी त्याखाली दोन रेघा मारल्या.

रविवारी बाबा पुढे त्यांच्या गाडीत, आणि मागे आमच्या घरच्या गाडीत मी, नवरा, सासूबाई, ठकी, बाळ, दुपटी, दुधाची बाटली, छत्री आणि पाण्याचे दोन कॅन. आमच्या गाडीचं वजन करायचं बाबांच्या कधी मनात आलं नाही, हे नशीब.

ट्रॅकवर तपासनीस म्हणून नारिंगी जाकीट घातलेला एक तरुण होता. त्याने दाराची दोरी ओढून पाहिली, गाडीच्या आत डोकावला, मग बाबांकडे पाहिलं.

"काका, आता आत काय राहिलंय काढायला?"

"मी," बाबा म्हणाले, आणि हेल्मेट चढवलं.

सकाळच्या खेपेत त्यांना पाच फेऱ्या मिळाल्या. सर्वांत चांगली दोन मिनिटं आणि नऊ दशांश. प्रत्येक वेळी मोठ्या वळणाआधी ब्रेक लागला की पुढचं उजवं चाक फिरायचं थांबून नुसतं घसरायचं, धूर निघायचा, आणि गाडी सरळ जाऊ पाहायची. बाबा परत आले ते थेट माझ्यासमोर.

"सूनबाई, खरं सांग. काल बसल्या बसल्या मांडीवर बाळ घेतलं होतंस?"

"नाही हो, बाबा."

"खाल्लंस काही?"

"एक बिस्कीट."

"एक बिस्कीट," त्यांनी मनातल्या मनात तोललं आणि मला निर्दोष सोडलं. "मग उजवी बाजू हलकी का पडतेय?"

नारिंगी जाकीटवाल्याकडे चार चाकांखाली ठेवायचे वजनाचे पाट होते आणि त्यांना जोडलेला, आकडे दाखवणारा मोठा पडदा. बाबांनी पेट्रोल मापून परत वहीइतकं केलं आणि हेल्मेटसकट गाडीत बसले. हेल्मेट ते सीटचाच भाग धरत. काल मीही ते घालूनच बसले होते, वहीत त्याचं वजन रिकाम्या गाडीतच धरलेलं होतं.

ठकीने वाचलं, "सहाशे एकोणसत्तर!"

"काटा खोटा आहे," बाबा तिथल्या तिथे म्हणाले. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण तो आवाज ऐकून शेजारच्या गाडीवाल्याने आपण काही केलं नसताना खिशातले हात बाहेर काढले.

"काका, गेल्याच आठवड्यात तपासून आणलाय."

"सगळे असंच म्हणतात." ते उतरले. हेल्मेट सीटवर ठेवलं. "आता बघ."

"सहाशे बारा!" ठकी ओरडली.

बाबांनी वही पाहिली. बरोबर किलोला किलो. मला म्हणाले, "बस."

मी हेल्मेट घालून बसले. पंधरावीस अनोळखी माणसांसमोर, मोठ्या पडद्यावर, माझ्या बाळंतपणाचा जाहीर हिशेब.

"सहाशे ऐंशी! आई, तू अगदी बरोबर आहेस!"

कुणीतरी हसलं. मीही हसले. मग माझं हसू गेलं, कारण बाबा हसत नव्हते. मी उतरले, ते परत बसले, आणि या वेळी ठकीने न सांगताच हळू आवाजात वाचलं.

"सहाशे एकोणसत्तर."

काटा खरं बोलत होता. अडुसष्ट हा आकडा त्यांच्या वहीत होता, त्यांच्या अंगात नव्हता. पान उलटून पाहिलं तर तारीख दीड वर्षापूर्वीची. मी दर महिन्याला बाळाला दवाखान्याच्या काट्यावर ठेवत होते, शंभर ग्रॅम कमी भरले की रात्रभर जागत होते. बाबांनी घरातला बोल्ट न् बोल्ट तोलला होता. त्यांना मात्र कुणी तोललं नव्हतं. ज्यांनी तोलायचं, तेच ते होते.

"अकरा किलो," बाबा शेवटी म्हणाले. "एकही बोल्ट न उघडता."

एरवी सासूबाईंनी या वाक्याची सालं काढली असती. त्या पुढे आल्या, दोरी ओढून दार उघडलं, आणि बाबांच्या मनगटाभोवती अंगठा आणि बोट नेऊन पाहिलं. बोटं एकमेकांना सहज भेटली.

"उद्या सकाळी दवाखाना," त्या म्हणाल्या.

"उद्या," बाबा म्हणाले. "दुपारची एक खेप अजून आहे."

"बाबा, घरी जाऊ या," नवरा म्हणाला. "नंतर बघू."

"नंतर मी सत्तरचा होतोय. नंतर काय बघणार?"

सासूबाईंनी बाळ माझ्या नवऱ्याच्या हातात दिलं आणि माझ्याकडे वळल्या. "तुला येतं का गं ते फिरवायला?"

मी साडीवरून नारिंगी जाकीटवाल्याने दिलेला गुडघ्यापर्यंत लांब कोट चढवला आणि गाडीखाली आडवी झाले. काल ते खाली होते, मी वर. आज बाबा सीटवर बसले, स्वतःच्याच वजनाने, आणि मी पाना धरला. वरून त्यांचा आवाज येत होता.

"पुढची उजवी कडी. वर. अर्धा फेरा. हां... घाबरू नकोस, ती काही पीठ नाही, जास्त झाली तर परत खाली घेता येते."

"एकशे सदुसष्ट!" ठकी. "एकशे अडुसष्ट! आजोबा, नाक!"

"खाजवत नाहीये गं, पुसतोय."

चारही चाकं एकमेकांशी समजुतीने बोलू लागली तोवर माझ्या केसांत ग्रीस गेलं होतं आणि नारिंगी जाकीटवाला पालथा पडून मला टॉर्च दाखवत होता. दुपारच्या खेपेचा भोंगा झाला. बाबा गेले.

पहिल्या फेरीत त्यांनी टायर तापवले. दुसऱ्या फेरीत मोठ्या वळणाशी ब्रेक लागला, आणि धूर निघाला नाही. पिसासारखी ती गाडी वळणात शिरली ती कुठेही न अडखळता बाहेर पडली. सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा ट्रॅकच्या जाळीला नाक लावलं होतं. "अहो, जपून," त्या म्हणत होत्या, आणि लगेच, "अहो, जोरात!"

पाटीवर आकडा उमटला. एक मिनिट, एकोणसाठ पूर्णांक आठ.

नवरा बाळासकट उडी मारून ओरडला, बाळ दचकून रडलं, नारिंगी जाकीटवाल्याने टाळ्या वाजवल्या. बाबा परत आले, गाडीतून उतरायला त्यांना जरा वेळ लागला. काट्याचा आकडा स्थिर होईपर्यंत थांबायची जुनी सवय; तसेच ते त्या पाटीकडे पाहत उभे राहिले.

"त्या अकरा किलोंशिवाय जमलं नसतं, सूनबाई," ते फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले.

मीही तो हिशेब करून बसले होते. दहा किलोंना तीन दशांश. अडुसष्टचे असते तर दोन मिनिटं आणि एक दशांश.

सासूबाई रुमालाने त्यांची मान पुसत होत्या, गरजेपेक्षा बराच वेळ. ठकी माझा कोट ओढत होती. तिला वाकायला लावायचं असलं की ती असंच करते. मी वाकले.

"आई," तिने माझ्या कानात विचारलं, "आता आजोबांना परत जड कसं करायचं?"